तिरपा जॅक

अध्यक्षांचा गुडघा कायमचा गेला, ही बातमी वहिनींना मंगळवारी सकाळी संघटनेच्या हॉलमध्ये कळली. झाडू मारणाऱ्या बाईंनी सांगितली. वहिनी म्हणाल्या, "अरेरे," आणि मग फायलींच्या कपाटाचं दार उघडून त्याच्या आड दोन मिनिटं पोटभर हसल्या. लोखंडी कपाटाची दारं मोठी असतात ते बरं.

खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला होता. अकरा वर्षं त्या या गुडघ्याची वाट बघत होत्या. गुडघाच हवा होता असं नाही. कान, कंबर, फुप्फुस, काहीही चाललं असतं. म्हातारपणी प्रत्येक सैनिकाचं काही ना काही जातंच, आणि ते गेलं की त्याला या हॉलमध्ये टेबल नंबर दोनवर यावंच लागतं. टेबल नंबर दोनवर वहिनी बसत.

संघटना माजी सैनिकांची. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला नोकरीत झालेल्या इजेवर आयुष्यभर उपचार मिळण्याचा हक्क असतो. असतो म्हणजे कागदावर असतो. कागदावरून तो अंगावर आणायचा तर अर्ज लागतो, जबानी लागते, कोणत्या दिवशी, कुठे, कशानं लागलं हे सरळ ओळीत सांगावं लागतं. तोफेसमोर उभी राहिलेली माणसं फॉर्मसमोर लटपटतात. म्हणून संघटनेचे स्वयंसेवक आठवड्यातून चार दिवस टेबलं मांडून बसत आणि फुकट अर्ज लिहून देत. त्यात यंदा विभागीय कार्यालयानं फतवा काढला होता: जुन्या सगळ्या इजांचे पुरावे महिनाअखेरपर्यंत नव्यानं द्या, नाहीतर उपचारकार्ड बंद. ज्यांनी कधी अर्जच केला नाही त्यांना शेवटची संधी, आणि ज्यांचे अर्ज पूर्वी फेटाळले त्यांनाही नवा पुरावा असेल तर फेरविचार. हॉलमधल्या बाकांवर सकाळी आठपासून म्हातारे दाटीवाटीनं बसू लागले.

वहिनी स्वतः सैनिक नव्हत्या. सैनिकाच्या विधवेला संघटना सहयोगी सदस्य करून घेते. सहयोगी सदस्याला मत नसतं, वार्षिक फोटोत खुर्ची नसते. काम मात्र सगळं करता येतं, त्याला कुणाची हरकत नसते. पहिली दोन वर्षं वहिनींनी खुर्च्या लावल्या. नंतर फायली लावल्या. त्यानंतर नियमांचं जाडं पुस्तक घरी नेलं आणि स्वयंपाक करता करता पाठ केलं. आता अशी परिस्थिती होती की खुद्द विभागीय कार्यालयातले कारकून अडले की वहिनींना फोन करत. त्यांनी लिहिलेला एकही अर्ज परत आला नव्हता. सगळे म्हणत, काय सेवाभाव आहे बाईंचा! वहिनी मान खाली घालून ऐकून घेत. सेवाभाव म्हणे.

त्यांचा नवरा सैन्यात मेकॅनिक होता. तुकडीत त्याला सगळे 'पाना' म्हणत, कारण पाना त्याच्या हातात नाहीतर खिशात कायम असायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशाला फुगवटा आहे. एका दुपारी, बाकीची तुकडी जेवायला गेलेली असताना, शेडमध्ये दोघंच होते: पाना आणि त्याचा तुकडीप्रमुख. जॅकवर चढवलेल्या ट्रकच्या खाली पाना झोपून काम करत होता. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची तपासणी होती. रांगेत उभ्या केलेल्या एका गाडीला चाकाखालचे ठोकळे कमी पडत होते, म्हणून प्रमुखानं पानालाच बाहेर बोलावून त्याच्या ट्रकचे ठोकळे काढायला लावले. "दोन मिनिटांचं तर काम राहिलंय तुझं," म्हणाला. पाना परत खाली सरकला, ट्रक घरंगळला, जॅक सुटला, पानाची कंबर दबली. त्याला ओढून काढताना चाक प्रमुखाच्या गुडघ्याला घासून गेलं.

मग प्रमुख त्याच्या खाटेशी बसला. "आत्ता गप्प बस, पाना. माझी बढती आहे समोर. रजेवर असताना पडलास असं लिहू. पुढे मी तुझं बघेन. शब्द देतो." पाना गप्प बसला. भोळा नव्हता तो, पण आपल्या माणसानं दिलेल्या शब्दाला पावती मागायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे कंबर पार कामातून गेली आणि त्यानं अर्ज केला, तेव्हा कार्यालयानं तुकडीप्रमुखाला विचारलं. तुकडीप्रमुख तोवर निवृत्त होऊन या संघटनेचा अध्यक्ष झाला होता. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: सदर दिवशी हा मेकॅनिक रजेवर होता. कार्यालयाचं पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं: 'अर्जदाराचे म्हणणे विश्वासार्ह वाटत नाही.'

उपचार मिळाले नाहीत याचं पानाला वाईट वाटलं, पण त्या वाक्यानं तो खचला. पुढची साडेतीन वर्षं त्याला आडवं होता येत नव्हतं. तो खुर्चीतच झोपायचा, खुर्चीतच जेवायचा, आणि मधेच म्हणायचा, "विश्वासार्ह नाही म्हणजे खोटारडाच ना गं?" वहिनी म्हणायच्या, "सरकारी भाषा असते ती." तो गेला तोही खुर्चीतच.

वहिनींना ते वाक्य खोडलेलं हवं होतं. आणि ते अध्यक्षांच्याच तोंडून खोडलेलं हवं होतं, कारण त्या शेडमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. यासाठी त्या संघटनेत आल्या होत्या आणि यासाठी त्या अकरा वर्षं त्या माणसाला "भाऊजी" म्हणत आल्या होत्या. दर वेळी तो शब्द तोंडातून काढताना खडा चावल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी अध्यक्ष काठी टेकत आले. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, शर्टाला कडक इस्त्री. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी उठायचा प्रयत्न केला, अर्धे उठले.

"वहिनी, आता तुमच्याच हातात आमचा पाय," ते हसत म्हणाले.

"बसा भाऊजी. किती दुखतं?"

"झोप नाही हो. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून सांधाच बदलावा लागेल. नोकरीतली इजा ठरली तर सगळं होईल आपल्या हॉस्पिटलात. नाहीतर अवघड आहे."

वहिनींनी कोरा कागद घेतला. "कशानं लागलं होतं?"

अध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं. "शेडमध्ये. एक ट्रक घसरला. मी एकटाच होतो तिथे. घासून गेला. तेव्हा कुठे नोंदवायचं, असं वाटलं. आपण काय अशा तशा जखमा मोजत बसत नाही."

"एकटेच होतात."

"एकटाच."

वहिनींनी लिहून घेतलं.  "कच्चा अर्ज करते. शनिवारी वाचन," त्या म्हणाल्या.

आता वाचन म्हणजे काय ते सांगायला हवं. अर्ज कार्यालयात जाण्याआधी हॉलमध्ये मोठ्यानं वाचला जायचा. अर्जदारानं ऐकायचा, चुकलं असेल तिथे थांबवायचं, त्यानं सुधारून जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत समासात लिहायचं, आणि शेजारच्या टेबलावरच्या स्वयंसेवकानं 'ऐकले' म्हणून सही करायची. एकदा समासात गेलेलं खोडायचं नाही. पूर्वी एक-दोघांनी जबानी देऊन नंतर कानावर हात ठेवले होते, म्हणून अध्यक्षांनीच हा नियम केला होता. त्या वर्षी टाळ्या पडल्या होत्या त्यांना.

या वाचनात वहिनींनी एक हुकमी युक्ती शोधून काढली होती. म्हाताऱ्या सैनिकाला "काय झालं होतं?" असं विचारलं की तो गप्प बसतो. "विशेष काही नाही," म्हणतो. पण त्याच्यासमोर ते चुकीचं सांगा. तोफेचा नंबर चुकवा, पुलाचं नाव चुकवा, दोर उलटा बांधला होता म्हणा. मग बघा. त्याच्यानं राहवतच नाही. आपल्या तुकडीबद्दल खोटं तो एक वेळ ऐकून घेईल, पण कामातली चूक नाही ऐकून घेणार. आधी खाकरतो, मग बोट वर करतो, आणि मग वीस वर्षं कुणाला न सांगितलेलं सगळं घडाघडा बाहेर येतं. वहिनी कच्च्या अर्जात मुद्दाम दोन-तीन चुका पेरत. या युक्तीनं त्यांनी कितीतरी मुखदुर्बळांना उपचार मिळवून दिले होते.

शुक्रवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अध्यक्षांचा अर्ज लिहायला बसल्या. त्यांची मुलगी कामावरून आली. ती फिजिओथेरपीचं काम करायची. दुसऱ्यांचे गुडघे वाकवणं हाच तिचा धंदा. तिनं चपला काढता काढता कागदावर नजर टाकली आणि तिथेच थांबली.

"आई, हा त्यांचा अर्ज?"

"हं."

"यात 'जॅक तिरपा लावलेला होता' लिहिलंयस. बाबांनी लावलेला जॅक तिरपा?"

"नाही होता."

"मग?"

"मग उद्या कळेल."  वहिनींनी ते वाक्य दोनदा अर्धवट सोडलं होतं.

मुलगी शहाणी होती, तिला लगेच उमगलं. तिनं फ्रिजवर ठेवलेलं नियमांचं पुस्तक काढलं, पान उघडून आईसमोर धरलं. "आणि हे? 'इजा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली असल्यास कोणताही लाभ देय नाही.' ठोकळे मी काढायला लावले असं ते बोलले, तर त्यांना काहीच मिळणार नाही. माहीत आहे ना तुला?"

"पाठ आहे."

"तुमच्या हॉलमध्ये भिंतीवर शपथ लावलीय. अर्जदाराचं हित ते माझं हित. तू रोज तिच्याखाली बसतेस."

"पाठीमागे आहे ती. दिसत नाही मला."

"आई, तो म्हातारा माणूस आहे. त्या गुडघ्याचं दुखणं मी रोज बघते. माणसं रडतात."

"रडू दे की."

"बाबांनी असं केलं नसतं."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. "तुझ्या बाबांनी काहीच केलं नाही. तो चांगुलपणा मी साडेतीन वर्षं खुर्चीत बसलेला पाहिलाय. मला नको तो. तू जेवून घे."

मुलगी जेवली नाही. वहिनी जेवल्या.

शनिवारी हॉल खच्चून भरला होता. मुदतीला चारच दिवस उरले होते, शिवाय अध्यक्षांचं वाचन म्हणून काही जण नुसते ऐकायलाच आले होते. टेबल नंबर तीनवर 'रेडिओ' बसला होता. हा जुना बिनतारी संदेशवाला. आता कानात यंत्र घालायचा, पण अक्षर न् अक्षर टिपायची सवय गेली नव्हती. वाचन ऐकून सही करायचं काम त्याचं. तो पानाला ओळखत होता. बोलला कधी नव्हता त्याबद्दल, पण पानाच्या अंत्ययात्रेत शेवटपर्यंत चालला होता.

अध्यक्ष उभे राहिले. "बसूनच ऐका भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"वाचनाला अर्जदार उभा राहतो. नियम आहे," अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बाकांवर माना डोलल्या.

वहिनींनी वाचायला सुरुवात केली. नाव, नंबर, तुकडी. मग: "शेडच्या बाहेर उतारावर एक ट्रक उभा होता."

अध्यक्ष खाकरले. "उतार नव्हता. शेडच्या आत. सपाट जमीन."

"शेडच्या आत, सपाट जमीन," म्हणत वहिनींनी समासात लिहिलं. "ट्रकचं मागचं डावं चाक काढलेलं होतं."

"चाकं सगळी जागेवर होती. गिअरबॉक्स उतरवायचा होता. पुढची बाजू उचललेली." आता ते सरळ उभे राहिले होते. काठीवरचा भार कमी झाला होता. आवाजही बदलला होता. बढतीच्या आधीचा आवाज असावा तो.

"पुढची बाजू उचललेली," वहिनींनी लिहिलं.  "जॅक तिरपा लावलेला होता, खाली फळी नव्हती, त्यामुळे तो सुटला आणि ट्रक घसरला."

अध्यक्षांनी मिशांवरून हात फिरवला. वहिनींनी मान वर केली नाही. त्या पुढच्या ओळीवर जाणार, तेवढ्यात बाकावरचा एक ट्रक ड्रायव्हर शेजाऱ्याला म्हणाला, "तिरपा जॅक? कुठला शिकाऊ होता हा!" दोघं हसले.

"तिरपा नव्हता," अध्यक्ष म्हणाले.

"नव्हता?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही एकटेच होतात म्हणालात. म्हणजे जॅक तुम्हीच लावला. म्हटलं, प्रमुखाला कुठे जॅक लावायची सवय असणार, म्हणून मी..."

"मी कशाला लावीन? पानानं लावला होता! आणि पाना जॅक तिरपा लावील?" अध्यक्ष ड्रायव्हरकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "अरे, अख्ख्या तुकडीत त्याच्यासारखा जॅक लावणारा नव्हता. खाली दोन बोटं जाड फळी, वर लेव्हल बघितल्याशिवाय तो गाडीखाली जात नसे. जॅकचं नाव घ्यायचं नाही! ठोकळे काढले म्हणून घरंगळला ट्रक. ठोकळे असते तर वादळातसुद्धा हलला नसता."

"ठोकळे कुणी काढले?" वहिनींनी लिहिता लिहिताच विचारलं, जसं कुणालाही विचारलं असतं तसं.

"मी काढायला लावले. दुसऱ्या गाडीला हवे होते. तो नको म्हणत होता, मी म्हटलं दोन मिनिटांचं..."

आणि अध्यक्ष थांबले.

 कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे तर कोंबडं पंचवीस वर्षं झाकलेलं होतं आणि मालकानंच टोपली उचलली होती. रेडिओनं आपलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं.

"त्या दिवशी पाना गाडीखाली होता," वहिनी समासात लिहीत म्हणाल्या. शाई एका जागी पसरली, कारण त्यांनी पेन फार दाबलं होतं. "बरोबर ना भाऊजी? रजेवर नव्हता."

"वहिनी, तेवढं राहू द्या. आपण आत बसून बोलू."

"समासातलं खोडता येत नाही. तुमचाच नियम."

"मी अर्ज मागे घेतो."

"घ्या की. कागद घरी न्या. ऐकलेलं मात्र रेडिओ घरी नेऊ देणार नाहीत, आणि इथे बसलेली ही पन्नास माणसंही नाहीत. माझा वेगळा अर्ज आहे फेरविचाराचा, त्याला दोन ऐकणारे पुरतात. मला तुमची सही लागत नाही, भाऊजी. गुडघ्याला लागते."

अध्यक्षांचा आवाज चढला. "मी तुमचं सदस्यत्व रद्द करू शकतो!"

"सहयोगी आहे. मतसुद्धा नाही मला. करा रद्द."

ट्रक ड्रायव्हर उठून उभा राहिला. तो आता हसत नव्हता. "अध्यक्ष, पाना माझ्याही गाड्या बघायचा," एवढंच बोलला आणि उभाच राहिला. त्याच्यामागे आणखी एक जण उठला. मग बरेच जण उठले. गुरुवारी आदरानं अर्धे उठले होते. आता सगळेच उठले.

अध्यक्षांनी काठी टेकली. त्यांनी वहिनींकडे झुकून हळू आवाजात विचारलं, "सही केली तर माझं काम अडणार नाही ना?"

रेडिओनं झटकन वहिनींकडे पाहिलं. त्याला कलम माहीत होतं. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त अध्यक्षांना, कारण त्यांनी आयुष्यात एकही अर्ज लिहिला नव्हता; ते फक्त भाषणं करत. एका वाक्याचं काम होतं. 'वरून घाईचा हुकूम होता' एवढं समासात घातलं की गुडघा वाचत होता. दुसरा कुणी अर्जदार असता तर वहिनींनी ते त्याच्याकडून वदवून घेतलं असतं.

"खरं बोललेलं कुणाला नडत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच सांगता दर वर्षी."

 रेडिओनं मान खाली घातली आणि 'ऐकले' लिहून सही ठोकली. अध्यक्षांनीही केली. ते गेल्यावर वहिनींनी दोन्ही अर्ज एकाच टपालात घातले, आपला वर आणि त्यांचा खाली.

दीड महिन्यानं वहिनींचं पत्र आलं. त्या भाजी फोडणीला टाकत होत्या. पाकीट ओल्या हातानंच फाडलं. 'सदर मेकॅनिकची इजा सेवेत असताना झाल्याचे मान्य करण्यात येत आहे. पूर्वीच्या पत्रातील अर्जदाराच्या विश्वासार्हतेविषयीचे वाक्य मागे घेण्यात येत आहे.' भाजी करपली. वहिनी जमिनीवर बसून मोठमोठ्यानं रडल्या. शेजारीण दार वाजवून गेली तरी उठल्या नाहीत. मुलगी आल्यावर तिनं पत्र तीनदा वाचलं, आईला उठवलं आणि तिच्या कुशीत तोंड खुपसून तीही रडली. गुडघ्याबद्दल त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही.

लोक सांगतात, सूडानं पोट भरत नाही. वहिनींचं भरलं. त्या रात्री त्या इतक्या गाढ झोपल्या की सकाळी हॉलला जायला उशीर झाला.

टेबलासमोर अध्यक्ष बसलेले होते. आता खरं तर माजी अध्यक्ष. राजीनामा त्यांनी त्याच आठवड्यात दिला होता. मिशा विस्कटलेल्या, शर्टाला इस्त्री नाही, आणि एकाऐवजी दोन काठ्या. त्यांनी एक पत्र पुढे सरकवलं. वहिनींना ते वाचायची गरज नव्हती, तरी त्यांनी सावकाश वाचलं. स्वतःचा निष्काळजीपणा. लाभ देय नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"सांगितलं नाहीत."

"नाही."

 भांडतील असं वहिनींना वाटलं होतं. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती, अकरा वर्षांची. पण माणूस भांडायच्या पलीकडे गेला होता. त्यांनी दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला आणि तोंडातून आलेला आवाज दाबला. वहिनींनी तो ऐकला. असा आवाज त्यांच्या घरात साडेतीन वर्षं होता.

"वरून घाई होती, वहिनी. खरंच होती. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मोठे साहेब सकाळपासून डोक्यावर बसले होते. हे अपिलात लिहिता येईल?"

"येईल."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही लिहाल?"

"लिहीन. स्वयंसेवक आहे मी. आलेल्याला परत पाठवत नाही." वहिनींनी खणातून अपिलाचा फॉर्म काढला, तारीख घातली, त्यांचं नाव आणि नंबर न विचारता भरला. फॉर्म दुसऱ्या पानावर उलटला आणि पेनाचं टोक एका रिकाम्या चौकटीवर ठेवलं. "पहिल्या अर्जात चाललं असतं, पण अपिलात घाईचा हुकूम होता असं नुसतं तुम्ही म्हणून चालत नाही. प्रत्यक्ष तिथे असलेल्या एका माणसाची जबानी लागते. कोण होतं तिथे?"

अध्यक्षांचे ओठ हलले. "आम्ही दोघंच."

"एक तुम्ही. मग दुसऱ्याची आणा."

ते चौकटीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गुडघ्याचं नव्हतं. "तो आला असता हो, वहिनी," ते म्हणाले. "एवढं सगळं करूनसुद्धा. मी नुसती हाक मारली असती तरी आला असता पाना."

ते खरं होतं. ते खरं होतं याचाच वहिनींना सगळ्यात जास्त राग होता.

"मग मारा हाक," त्या म्हणाल्या, आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला त्यांनी हातानं बोलावलं.